पुन्हापुन्हा बोलणारी कविता

(ताडकळस येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मला अलंकारावर बोलायला बोलावलंत म्हणून पंडित हसतील. हसू द्या.

आपल्या कवितेवर एक ठेवणीतला आरोप आहे : हे लोक तेच ते लिहितात. संस्कृत काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मांडलाय, खरं. पण त्याच शास्त्रात अनुप्रास आणि यमक हे अलंकार आहेत, आणि अक्षर किंवा शब्द पुन्हा येतो म्हणूनच ते अलंकार आहेत. म्हणजे पुन्हा म्हणण्याला त्यांची ना नाही. कोण म्हणतंय, यावर त्यांचं अडतं.

इथून जवळ गंगाखेड, जनाबाईचं गाव. नामदेवाच्या घरी राबणारी ही दासी. तिच्या अभंगांत दळण-कांडण येतं. जात्यावरची बाई ओवीची अर्धी ओळ परत घोळवते. खुंटा फिरून त्याच जागी येतो, तेवढ्यात पुढची ओळ सुचते, समोरचीला सूर धरता येतो. आमच्या टोळीतही तेच. जड पेटी सरकवताना एकजण हाक देतो, बाकीचे तीच हाक परत देतात. हाक परत आली नाही तर सगळ्यांचा जोर एकदम लागत नाही, आणि कुणाचं तरी बोट जातं.

जलशातलं धृपद झीलकरी उचलतात ते याचसाठी. वामनदादा कर्डकांना (1922–2004) अक्षरं मोठेपणी आली. त्यांच्यापुढं बसणाऱ्या कित्येकांच्या हातात पुस्तक कधी आलंच नव्हतं. पान उलटून मागं जायची सोय नाही. धृपदच मागं न्यायचं. आणि धृपद तेच असलं तरी मधल्या कडव्यानं त्याचा अर्थ सरकलेला असतो. सगळी गंमत तिथं आहे.

यमकात शब्द तोच, अर्थ निराळा. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि पाणी अडवणाऱ्यांना आमचं पाणी कळलं. तीनदा पाणी. एक काढून बघा, वाक्य लंगडतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला. बाबासाहेबांचं नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. साडेपंधरा वर्षं एकच मागणी. घरं जाळली, माणसं मारली, तरी लोक तेच बोलत राहिले. लावा त्यांना पुनरुक्तीचा दोष!

आता आपल्याच लोकांना झोंबेल असं बोलतो. ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 ला आला तो वस्तीतले शब्द घेऊन. आणि आपण काय लिहितो? सूर्य, अंगार, ज्वालामुखी. बाबासाहेबांना पहिल्यांदा कुणी सूर्य म्हटलं तेव्हा ते रूपक होतं. आता तो रबरी शिक्का झालाय, कुठल्याही कवितेवर मारा. त्यांनी मुखचंद्र झिजवला, आपण सूर्य झिजवतोय. शब्द हजारदा म्हणा, पण रूपक उसनं आणू नका. बाबासाहेब तुमच्या घरात कुठं आहेत? भिंतीवरच्या फोटोत, की आईनं तुमच्या फीसाठी मोडलेल्या डोरल्यात?

चला, वह्या काढा. ज्याच्या कवितेत सूर्य आहे, त्यानं आधी वाचायचं.