मधल्या फळीतला खेळाडू
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, मुलगा सारखा फुटबॉल खेळतो. त्याने पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. मुंब्रा असो, राबोडी असो की कल्याण, आपल्या बहुतेक घरांत कमावणारा एक आणि खाणारी तोंडे पाच-सात असतात. म्हणून आज एखाद्या झगमगत्या खेळाडूचे नव्हे, तर मधल्या फळीत निमूटपणे खेळलेल्या एका खेळाडूचे उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो. त्यांचे नाव खालिद जमील.

मधल्या फळीचे काम म्हणजे मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याच्या पायाशी द्यायचा. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. धावपळ मात्र याच्या वाट्याला.

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. 1997 मध्ये ते महिंद्रच्या संघात आले, पुढच्या वर्षी एअर इंडियात गेले, 2002 मध्ये पुन्हा महिंद्रमध्ये आणि 2007 मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत. भारताकडूनही ते खेळले. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांचे बोलावणे आले होते, पण त्यांचे प्रायोजक मद्याचे व्यापारी म्हणून त्यांनी नकार दिला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले आहे. पुढे दुखापतींनी गाठले आणि 2009 मध्ये, जेमतेम बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे खेळणे संपले. माणूस नोकरीत स्थिरावतो ते हे वय!

त्या क्लबांचे काय झाले तेही ऐका. महिंद्रने 2010 मध्ये आपला संघ बंद केला. एअर इंडियाला 2013 मध्ये आय-लीगमधून वगळण्यात आले. मुंबई एफसी 2017 मध्ये तळाला गेली आणि तो संघही मोडला. तेव्हा पालकहो, तुमची भीती खोटी नाही. पाय फार वर्षे साथ देत नाहीत आणि क्लबही देत नाहीत.

मग उरते काय? उरते ती खेळाची समज, आणि ती वाढविण्यासाठी केलेला अभ्यास. 2009 मध्ये मुंबई एफसीनेच जमील यांच्यावर प्रशिक्षकाची जबाबदारी टाकली. सात वर्षे त्यांनी ती सांभाळली; विजेतेपद एकदाही नाही. 2016 मध्ये तेथून जावे लागले. ते मिझोरामच्या आयझॉल क्लबकडे गेले. हा क्लब आदल्याच हंगामात लीगमधून खाली घसरला होता. त्याला पुन्हा घेण्यात आले होते. 2017 मध्ये त्याच आयझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली!

जमील यांनी आशियाई फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा सर्वोच्च परवानाही मिळविला. मित्रांनो, हा परवाना नुसत्या मैदानावर मिळत नाही. त्यासाठी वर्गात बसावे लागते, वाचावे-लिहावे लागते, मूल्यमापनाला सामोरे जावे लागते. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांची भारताच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. सुमारे तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाला मिळाले. सप्टेंबरमध्ये ओमानला हरवून संघ मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मात्र गोव्यात सिंगापूरकडून हरला आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. यशाच्या मागोमाग अपयश येते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलाची संध्याकाळची मैदानावरची वेळ हिरावून घेऊ नका, आणि मुलींनाही ती द्या. शिस्त, सोबत्यासाठी धावणे, हार पचविणे हे मैदान फुकट शिकविते. विद्यार्थ्यांना सांगणे असे की, निवड चाचणीसाठी गाडी पकडून कूपरेजला जरूर जा, पण दहावीचा पेपर चुकवू नका. शंभरांतला एखादाच मोठ्या संघात जाईल. उरलेल्या नव्याण्णवांतून क्रीडाशिक्षक, पंच, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट होऊ शकतात. पण त्या प्रत्येक दारावर शिक्षणाचा दाखला मागतात.

आपल्या समाजालाही मधल्या फळीतल्या माणसांची गरज आहे. मागच्याला आधार देणारी आणि पुढच्याच्या पायाशी नेमका चेंडू ठेवणारी अशी मुले या शाळेतून घडोत, ही दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.