साथीदार हेंड्रिक्स

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘जिमी हेंड्रिक्स : जीवन आणि प्रभाव’. जीवनाचा ढोबळ भाग आपल्याला ठाऊकच आहे. १९४२ साली सिएटलमध्ये जन्म, घरची ओढगस्त, आई लहानपणीच गेली, १९६६ मध्ये लंडन गाठलं आणि १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्येच शेवट. वय २७. ते सगळं मी गृहीत धरतो, कारण मला आज एकच गोष्ट आपल्या गळी उतरवायची आहे. हा माणूस मुळात साथीदार होता आणि अखेरपर्यंत साथीदारच राहिला. रॉकमधला थोर एकलवादक म्हणून जे त्याची पूजा बांधतात, ते त्याचं निम्मं वादन ऐकतच नाहीत.

छत्रीधारी सैनिकांच्या १०१व्या डिव्हिजनमधून तो १९६२ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरची चार वर्षं गेली कृष्णवर्णीयांच्या थिएटरांतून आणि क्लबांतून, दुसऱ्यांच्या मागे उभं राहण्यात. आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, कर्टिस नाइट. पुढे गायक, मागे एकसारख्या कपड्यांतले वादक. लिटल रिचर्डशी त्याचे कपड्यांवरून, उशिरा येण्यावरून खटके उडायचे, हे सगळे सांगतात. पण त्या चार वर्षांत हात कसा तयार झाला, ते सांगणारे थोडे. गायक शब्द टाकतो तेव्हा गप्प राहायचं, त्यानं श्वास घेतला की त्या फटीत दोन-तीन सुरांची जागा घ्यायची, आणि हे करताना लय सोडायची नाही. आपल्याकडच्या पेटीवाल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. (टाळ्या)

‘लिटल विंग’ घ्या. १९६७ ची रचना, जेमतेम अडीच मिनिटांची. हेंड्रिक्स डावखुरा, त्यामुळे पट्टीवर त्याचा उजवा हात. पंजा लांबरुंद. अंगठा गिटारच्या मानेवरून पुढे येतो आणि खर्जाची तार दाबून धरतो. चार बोटं मोकळी. मग अंगठ्यावर मूळ स्वर चालू, मधल्या तारांवर कॉर्ड, आणि त्याच कॉर्डच्या कडेकडेनं करंगळी बारीक हरकती घेते. एकाच हातात साथ आणि गाणं. तो स्वतः गाऊ लागला की हाच हात पुन्हा मागे सरकतो, ओळ संपेपर्यंत थांबतो. यात कर्टिस मेफील्डचं वळण स्पष्ट आहे, आणि मेफील्डही गाता गाता स्वतःची साथ करणारा.

शिवाय गिटार उलटी. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर घ्यायची, फिरवायची आणि तारा पुन्हा आपल्या क्रमानं लावायच्या. त्या गिटारवर घोडीजवळचा पिकअप तिरका बसवलेला असतो. गिटार फिरली की तिरकेपणाही फिरतो. खर्जाच्या तारांचा आवाज घोडीच्या जास्त जवळून उचलला जातो, म्हणून तो खणखणीत येतो. वरच्या तारा थोड्या गोल होतात. म्हणजे साथीचा भाग उठून ऐकू येतो. हे त्यानं ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण कानाला ते मानवलं.

आता पहिल्या रांगेतून विचारणा झाली आहे की, ज्यानं वाद्य जाळलं त्याला साथीदार कसं म्हणायचं? (हशा) नाही, हसू नका, प्रश्न रास्त आहे. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आहोत आपण. मॉन्टेरीचा संगीत महोत्सव, १८ जून १९६७. त्याच दिवशी दुपारी तिथे पंडित रविशंकर वाजवून गेले होते, तबल्यावर आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखां. गिटार जाळण्याचा तो प्रकार रविशंकरांना अतिशय लागला आणि त्यांनी तो कधीही गोड मानून घेतला नाही. मीही त्याचं समर्थन करत नाही. पण त्या रात्रीची हकिगत ऐका. ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड गिटारी फोडण्यासाठी प्रसिद्ध. दुसऱ्याच्या मागून मंचावर जायला ना तो तयार, ना हेंड्रिक्स. शेवटी नाणेफेक झाली. ‘द हू’ आधी गेले, मोडतोड करून आले. मग हेंड्रिक्सला त्याहून पुढे जाणं भाग पडलं. आग लागली ती शेवटच्या गाण्यात. त्याआधी त्यानं बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ वाजवलं, त्यातल्या कॉर्डची मांडणी ऐका. दुसऱ्याचं गाणं इतक्या मायेनं सांभाळलेलं क्वचित ऐकायला मिळतं. छायाचित्र मात्र आगीचंच छापलं जातं. आणि त्या महोत्सवावरचा पेनबेकर यांचा चित्रपट पाहा. त्याचा शेवट आगीनं होत नाही, रविशंकर-अल्लारखांच्या सवाल-जवाबानं होतो. (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मग लंडनचं सगळं सोडतो, न्यूयॉर्कमधला त्याचा स्वतःचा स्टुडिओही सोडतो. वुडस्टॉक सोडता येणार नाही.

१८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. लाखोंची गर्दी पांगलेली, मैदानात चिखल आणि कचरा. तिथे त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. यावर निषेध, विटंबना, व्हिएतनाम असं बरंच लिहिलं गेलं आहे. मी आपल्याला फक्त जागा बघायला सांगतो. सुरुवातीला धून जवळजवळ सरळ आहे. गीतात अग्निबाणांचा उल्लेख येतो, तो संपतो, आणि तिथेच गिटार शिट्टी घालत खाली कोसळते. बाँबचा शब्द येतो, पुढे स्फोट. निशाणाच्या ओळीनंतर सैनिकांच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजतात ते सूर. गात कुणीच नाही! शब्द ऐकणाऱ्याच्या मनात चालू आहेत आणि हा त्यांच्या फटींत वाजवतो आहे. न गाणाऱ्या गायकाची साथ आहे ती. पुढच्याच महिन्यात डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात याबद्दल छेडलं, तेव्हा आपल्याला ते सुंदर वाटलं एवढंच त्यानं सांगितलं. मला ते शब्दशः खरं वाटतं. कान देऊन ऐकलेल्या गाण्यालाच अशी साथ करता येते.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. प्रभावाबद्दल म्हणून एकच सांगतो. आयझली बंधूंकडे असताना, १९६४ च्या सुमारास, हेंड्रिक्स न्यू जर्सीत त्यांच्याच घरी राहायचा. धाकटा भाऊ अर्नी तेव्हा बारा वर्षांचा. घरात हेंड्रिक्सचा रियाज त्याच्या कानांवर पडायचा. हाच अर्नी पुढे भावांच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. १९७३ मधलं ‘दॅट लेडी’ लावा. गायकांच्या मागून ती गिटार कशी सरकत येते, गाणं चालू असताना स्वतःला कशी आवरते आणि जागा मिळताच कशी उसळते, ते ऐका. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांना विनंती, तीन मिनिटांचा तुकडा तयार ठेवला आहे, तो आता लावावा.