आधी कान, मग पाना

(स्नेहमिलन सोहळ्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. इंजिनिअरिंग, नोकरी, पुणे, सॉफ्टवेअर ही माझी वाटचाल तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर तोंडपाठ झाली आहे. त्यामुळे आज मी ट्रॅक्टरवर बोलणार आहे. हसू नका, विषय गंभीर आहे.

आमच्या घरचा ट्रॅक्टर तीस वर्षांहून जुना, तीन सिलिंडरचा. दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत तो मिसिंग मारायला लागला. इंजिन थरथरायचं, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि मध्येच फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा. बांधीत पाणी साचलेलं, चिखलणी अर्धी राहिलेली, पऱ्हे महिन्याचे होत आलेले. आपल्या भागात याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको. पऱ्हे जून झाले की रोवणीनंतर फुटवे कमी येतात आणि त्याचा फटका थेट दिवाळीनंतरच्या पोत्यांना बसतो. त्या आठवड्यात भाड्याचा ट्रॅक्टर मिळणंही सोपं नसतं, कारण सगळ्यांची चिखलणी एकदमच येते.

सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितलं, तिन्ही नोझल बदला. दुसरा म्हणाला, पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा. तिसरा म्हणाला, इंजिनच खोला, बोअर गेलं असेल. चौथ्याचा सल्ला होता, विकून टाका. यातला एकही सल्लागार इंजिन सुरू असताना दोन मिनिटं शांत उभा राहिला नव्हता.

मग बाबांनी आपल्याच वर्गातल्या एकाला बोलावलं. मागच्या बाकावर बसायचा. आता मिस्त्री आहे. नाव घेणार नाही, कारण त्याने तशी तंबी दिली आहे. तो आला, गाडी सुरू करायला लावली आणि हात मागे बांधून नुसता ऐकत राहिला. मी विचारलं, "काय बिघडलंय?" तो म्हणाला, "थांब जरा. आधी कान लाव, मग पाना लावू."

पुढे काय झालं ते समजण्यासाठी सरांनी शिकवलेलं थोडं आठवू या. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीचा प्लग नव्हता आणि आजच्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनातही तो नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि ते पेट घेतं. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: हवेचा दाब, डिझेलचा फवारा आणि फवाऱ्याची वेळ. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला 750 वेळा जुळतं. मिसिंग म्हणजे या तिघांपैकी काहीतरी कुठेतरी चुकतंय.

मिस्त्रीने आधी धूर पाहिला. धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर क्लीनर तुंबलेला असू शकतो. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. मग त्याने फटाक्याची जागा शोधली. आवाज एअर क्लीनरकडून आला तर संशय आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर. सायलेन्सरकडून आला तर न जळलेल्या डिझेलवर किंवा धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर.

त्यानंतर त्याने सगळ्यात स्वस्त कारण तपासलं. उन्हाळाभर अर्धी टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये पाणी साचतं, लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. बुडबुडे नाहीत, पाणी नाही. एक कारण बाद.

आता खरी गंमत. इंजिन हळू चालत असताना त्याने एका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल केला. आवाज लगेच पडला. म्हणजे ते सिलिंडर काम करत होतं. नट घट्ट केला, दुसरा सैल केला. पुन्हा आवाज पडला. तिसरा सैल केला आणि काहीच फरक पडला नाही. आळशी कोण ते कळलं! (हे घरी करून पाहणाऱ्यांसाठी: त्या फवाऱ्याचा दाब कातडी भेदून आत जाईल इतका असतो. समोर हात धरायचा नाही, आणि माहीतगार माणसाशिवाय करायचंच नाही.)

मी म्हटलं, "मग तिसरं नोझल नवं आणू या?" तो म्हणाला, "नोझल खराब आहे हे कोणी सांगितलं?" त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची नोझलं आपसात बदलली. दोष नोझलबरोबर दुसऱ्याकडे गेला असता, तर नोझल दोषी. दोष तिसऱ्यातच राहिला. मग वरचं झाकण काढून फिलर गेज लावलं. तिसऱ्याच्या धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला टॅपेटची फटच उरली नव्हती. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत गेला होता, त्यामुळे तो पूर्ण मिटत नव्हता. दाबलेली हवा तिथून निसटत होती, डिझेल अर्धवट जळत होतं आणि उरलेलं सायलेन्सरमध्ये जाऊन फुटत होतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेली फट त्याने बसवली आणि इंजिन एका सुरात बोलायला लागलं. नवा पार्ट एकही लागला नाही. "रोवणी होऊ दे, मग हेड उतरवून व्हॉल्व्ह घासू," असं बाबांना सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी चिखलणी पूर्ण झाली.

मित्रांनो, मी वीस वर्षं हेच काम करते. सर्व्हर बंद पडतो, रात्री फोन येतो, बैठकीत चार जण चार सल्ले देतात. तेव्हाही आधी लक्षण नीट पाहायचं, स्वस्त कारण आधी तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष हलतो का ते बघायचं. या कामासाठी मला चांगला पगार आणि 'सीनियर' हे पद मिळतं. आपला मित्र तेच काम उन्हात, चिखलात उभा राहून करतो आणि लोक त्याला 'दहावीनंतर शिकला नाही' म्हणतात. आपल्या प्रयोगशाळेत सर सांगायचे, एका वेळी एकच बाब बदला, बाकीच्या तशाच ठेवा. तो धडा वर्गात सर्वांत चांगला कोणाला कळला होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

आणखी एक. त्या दिवशी मी बेचाळीस वर्षांची होते आणि घरच्या ट्रॅक्टरचं झाकण उघडलेलं पहिल्यांदाच जवळून पाहत होते. लहानपणी मुलींना तिथे कोणी बोलवत नसे. भाऊ पाना धरायचा, मी चहा आणायची. इंजिनिअरिंगची पदवी मिळाली, पण इंजिन पाहायचं राहिलंच.

म्हणून आज एक मागणं आहे. आपण शाळेसाठी निधी जमवतोय. त्यात संगणक हवेतच. पण सोबत एक जुनं, भंगारातलं का होईना, डिझेल इंजिन आणू या. त्याची दुरुस्ती करणारे हात आपल्याच बॅचमध्ये आहेत, याच सभागृहात बसले आहेत. महिन्यातून एक शनिवार त्यांनी नववीच्या मुलामुलींना द्यावा, त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय आपण बाहेरगावी असलेल्यांनी करावी. त्यांना 'पाहुणे शिक्षक' म्हणून मानानं बोलवावं. आणि पाना मुलींच्याही हातात द्यावा.

माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देते आहे. मिस्त्रीसाहेब, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात, मला दिसताय. तुमचा होकार मी गृहीत धरलेला नाही. जेवताना विचारणार आहे.