१९७० सालात पडलेला पाऊस : आपल्या बोर्डासाठी कर्नल बांधताना

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागं टिनावर आवाज येतोय ना, तो रेकॉर्डिंगचा दोष नाही. एटापल्लीत पाऊस सुरू आहे. थांबायची वाट बघितली असती तर हा एपिसोड दिवाळीतच आला असता, म्हणून तसाच बोलतोय.

आज विषय आहे कर्नल. घाबरू नका. ऐकताय तो फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये जा, अबाउट फोन उघडा, तिथं कुठंतरी 'कर्नल व्हर्जन' दिसेल. काही फोनमध्ये ते अँड्रॉइड व्हर्जनच्या आत असतं. आकडा कुठलाही असो, ते लिनक्स आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं, आणि आज तुमच्या खिशात असलेलं. ॲप आणि यंत्र यांच्या मधला माणूस म्हणजे कर्नल. ॲप म्हणतं, फोटो काढायचाय. कॅमेऱ्याशी बोलायचं कसं, हे माहीत असतं कर्नलला.

पण तोच लिनक्स फोनमध्ये, राउटरमध्ये, टीव्हीत आणि सुपरकॉम्प्युटरमध्ये कसा चालतो? तर तो प्रत्येक ठिकाणी वेगळा निवडून बांधलेला असतो. ही निवड चुकली तर काय होतं, ते मी माझ्याच फजितीवरून सांगतो.

माझ्या मामाचं गाव इथून पुढं जंगलात आहे. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला. पावसाळ्यात आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ती बातमी तरी होते. अशा लहान नाल्यांची बातमी होत नाही. लोक काठावर उभं राहून पाणी बघतात आणि ठरवतात, जायचं की थांबायचं.

मी नागपुरात शिकत होतो. सुट्टीत येऊन मामाच्या घरावर पर्जन्यमापक बसवला. आत दोन बाजूंची एक छोटी पळी असते. एक बाजू भरली की ती कलंडते, दुसरी वर येते. माझ्या मापकात एकदा पळी कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. पळीला चुंबक, शेजारी चुंबकानं चालणारा स्विच, आणि त्याची वायर रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू नावाच्या बोर्डाला. हा बोर्ड बिस्किटापेक्षा फार मोठा नाही. एक कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम. वर सौर पॅनल, खाली लहान बॅटरी. पळी कलंडली की फाइलमध्ये एक ओळ : तारीख आणि वेळ.

अडचण बॅटरीची. आठवडाभर ढग राहिले की बॅटरी खाली जाते आणि कंट्रोलर सप्लाय तोडतो. थोडं ऊन आलं की बोर्ड पुन्हा सुरू. बोर्डासोबत येणारी नेहमीची सिस्टीम माझ्याकडं सुरू व्हायला मिनिटभर घ्यायची. मुसळधार पावसात त्या मिनिटात पळी कितीतरी वेळा कलंडते, आणि ते सगळं वाया. म्हणून ठरवलं, आपली सिस्टीम आपण बांधू. बिल्डरूट नावाचं एक साधन आहे, त्यानं हवं तेवढंच घेऊन छोटी लिनक्स सिस्टीम तयार करता येते. आणि कर्नलही छाटू.

आता छाटायचं म्हणजे काय? लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्यातला मोठा भाग ड्रायव्हर, म्हणजे जगभरच्या चिप आणि यंत्रांशी बोलायची रीत. तुमच्या बोर्डाला त्यातलं थोडंसंच लागतं. त्यासाठी 'मेन्यूकॉन्फिग' नावाचा निळ्या रंगाचा पडदा येतो, त्यात हजारो प्रश्न. बहुतेक प्रश्नांची तीनच उत्तरं. वाय म्हणजे हे कर्नलच्या आतच बांध. एम म्हणजे मॉड्यूल कर, वेगळ्या फाइलमध्ये ठेव, लागेल तेव्हा उचलू. एन म्हणजे नको.

हे प्रश्न कुणी पहिल्यापासून सोडवत नाही. बोर्डानुसार तयार उत्तरपत्रिका असते, तिला डेफकॉन्फिग म्हणतात. इथंच माझी पहिली चूक. मी नव्या पायसाठीची उत्तरपत्रिका उचलली. कर्नल नीट बांधला गेला, कार्डावर टाकला, बोर्ड सुरू केला आणि काहीच नाही. चूक झाली असा संदेशसुद्धा नाही. कारण झिरो डब्ल्यू आला २०१७ साली, पण त्याची चिप बीसीएम-२८३५, म्हणजे २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायचीच. तिचा प्रोसेसर एआरएमची सहावी पिढी. मी बांधला होता सातव्या पिढीसाठी. त्या कर्नलच्या सूचना या प्रोसेसरला कळतच नव्हत्या. म्हणून पहिलं काम : बोर्डाचं नाव नाही, चिपचं नाव बघा.

दुसरी चूक जास्त मजेशीर. कर्नल हलका करायचा म्हणून दिसेल त्याला मी एम म्हणत सुटलो. त्यात एक्स्ट-फोरही मॉड्यूल केलं. एक्स्ट-फोर म्हणजे मेमरी कार्डावर फाइली ज्या पद्धतीनं मांडल्यात ती पद्धत. आता बघा : कार्ड वाचायला एक्स्ट-फोरचं मॉड्यूल पाहिजे, आणि ते मॉड्यूल ठेवलंय त्याच कार्डावर. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. कर्नल सुरू झाला, मूळ फाइलसिस्टीम जोडता येत नाही म्हणाला आणि पॅनिक होऊन थांबला. हे निदान कळलं, कारण तोवर मी एक सिरियल केबल घेतली होती. तीन वायरी बोर्डाला, दुसरं टोक लॅपटॉपच्या यूएसबीला. कर्नल काय बोलतोय ते लॅपटॉपवर दिसतं. हे काम करणार असाल तर आधी ती केबल घ्या.

ते दुरुस्त केलं. बोर्ड दहा-बारा सेकंदांत सुरू व्हायला लागला. मी खूश. मग छाटणी करता करता एका पानावर आलो : रिअल टाइम क्लॉक, आरटीसी. बॅटरीवर चालणारं घड्याळ, सप्लाय गेला तरी वेळ धरून ठेवणारं. तुमच्या फोनमध्ये असतं, लॅपटॉपमध्ये असतं. पाय झिरोवर नसतं. मी म्हटलं, जे बोर्डावर नाहीच त्याचा ड्रायव्हर कशाला? एन. पूर्ण पानच बंद. त्याच उत्साहात आय-टू-सीही बंद केलं, म्हणजे लहान चिपांशी दोन वायरींवर बोलायची सोय.

तर्क बरोबर होता की नाही? कागदावर बरोबर होता.

जुलै आला. मी गावातच होतो. त्या आठवड्यात ऊन असं नव्हतंच. एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी मामेबहिणीला एटापल्लीला निघायचं होतं. प्रवेशाची कागदपत्रं द्यायचा शेवटचा दिवस. नाला भरून वाहत होता. मामा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाबू, तुह्या मशीनमंदी दिसते ना पाणी? सांग बरं, कवा पडला?"

प्रश्न नेमका होता. पाऊस संध्याकाळी पडून गेला असेल तर वरचं पाणी येऊन गेलं, नाला आता उतरणार. पहाटे पडला असेल तर अजून चढणार.

मी फाइल उघडली. ३०० ओळी, म्हणजे ६० मिलिमीटर. आणि प्रत्येक ओळीवर तारीख : १ जानेवारी १९७०. वेळ सकाळी साडेपाचनंतरची.

का १९७०? लिनक्स वेळ मोजतो ती सेकंदांत, १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून. ती मध्यरात्र ग्रीनिचची. आपण साडेपाच तास पुढं, म्हणून आपल्याकडं साडेपाच. कुणी वेळ सांगितली नाही तर कर्नल शून्यापासून मोजायला लागतो. तुमच्या फोनला टॉवर वेळ सांगतो. नेहमीची सिस्टीम निदान शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवते. माझ्या छाटलेल्या सिस्टीमला सांगणारं कुणीच नव्हतं. इंटरनेट नाही, घड्याळ नाही.

बरं, एकदाच बंद पडला असता तरी हिशेब लावला असता. रात्रीतून तीनदा सप्लाय तुटला होता. म्हणजे तीनदा साडेपाच वाजले. आणि माझा प्रोग्राम ओळी वेळेप्रमाणे लावून ठेवायचा. तिन्ही वेळचा पाऊस एकमेकांत मिसळून गेला होता.

मी मामाला म्हटलं, "साठ मिलिमीटर पडला."

"ते त् दिसूनच राहिलं ना बाबू. कवा?"

सांगता आलं नाही. थांबायचं ठरलं. आणि तेच बरोबर होतं. पाणी कळत नसेल तर नाल्यात उतरायचं नाही, हे मी आजही म्हणतो. पण नाला दुपारच्या आत उतरला. पाऊस संध्याकाळचा होता. आम्ही पोचलो तेव्हा खिडकी बंद झालेली. बहीण काही बोलली नाही. तिला पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण हवा होता तो विषय नाही मिळाला. हे मी कुणावर ढकलत नाही. त्या एनवर बोट माझंच होतं.

मग दुरुस्ती. बाजारात डीएस-३२३१ नावाच्या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल मिळतं, वर नाण्याएवढा सेल. चार वायरी : सप्लाय, ग्राउंड आणि आय-टू-सीच्या दोन. तापमान बदललं तरी ही चिप स्वतःला सावरते, वर्षाला साधारण मिनिटभर इकडंतिकडं. उन्हाळ्यात आपल्या टिनाखाली काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून हीच घेतली.

जोडली आणि काही झालं नाही. कर्नलला ती दिसेना. इथं डिव्हाइस ट्री समजून घ्यावी लागते. तुमच्या संगणकात यूएसबीला काही लावलं की ते स्वतःच सांगतं, मी माउस आहे. बोर्डावरच्या अशा साध्या चिपा काही सांगत नाहीत. पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. तो पसारा इतका वाढला की २०११ साली टोरव्हाल्ड्स जाहीरपणे वैतागले, आणि मग एआरएमच्या बोर्डांसाठी डिव्हाइस ट्री आली. मी तिला बोर्डाचा सातबारा म्हणतो. शेतात विहीर आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, तर तलाठ्याच्या लेखी विहीर नाही. कर्नलचंही तसंच. नवीन चिप लावली तर फेरफार करावा लागतो. त्या फेरफाराला ओव्हरले म्हणतात. पायमध्ये कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहिली की नोंद होते.

नोंद झाली. आता ड्रायव्हर. मेन्यूमध्ये शोधायला गेलो तर घड्याळाचे ड्रायव्हरच दिसेनात. कारण आय-टू-सी बंद. एकावर दुसरं अवलंबून असेल आणि पहिलं बंद असेल तर दुसरं यादीतच येत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरपी रेघ दाबून नाव शोधा, कशावर काय अवलंबून आहे ते तिथं लिहिलेलं असतं. आय-टू-सी चालू केलं, यादी आली. तिच्यात ३२३१ नाहीच! ३२३२ आहे. मी म्हटलं भाऊच असेल, तेच घेऊ. नाही चाललं. डीएस-३२३१ चा ड्रायव्हर डीएस-१३०७ या जुन्या चिपच्या नावाखाली आहे. सातबाऱ्यावरचं नाव आणि ड्रायव्हरच्या आतल्या यादीतलं नाव जुळलं, तरच जोडी जमते. मेन्यूतल्या शीर्षकावर जाऊ नका, ड्रायव्हरची फाइल उघडून यादी वाचा. सोर्स सगळ्यांना खुला आहे, तो त्यासाठीच.

आय-टू-सी वाय, १३०७ वाय, आणि सुरू होताना घड्याळातून वेळ घ्यायची तीही सोय वाय. फोनवरून बरोबर वेळ घेऊन एकदा त्या चिपमध्ये लिहिली. मग बॅटरी काढली, जेवून आलो, पुन्हा लावली. तारीख बरोबर, वेळ बरोबर. मामा बाजूलाच होता. त्यानं मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं, मगच मान हलवली.

आता काय होतं सांगतो. सकाळी मामा विचारतो, कवा? मी सांगतो, साडेआठ ते दहा जोरात, मग रिपरिप. पुढचं तो ठरवतो. नाला तो ओळखतो, यंत्र नाही. यंत्रानं फक्त वेळ खरी सांगायची.

तुमच्यातल्या कुणाला हे करून बघायचं असेल तर एवढंच सांगेन. चालणारी कॉन्फिग फाइल आधी वेगळी जपून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बांधा, बघा. आणि एन म्हणायच्या आधी 'हे बोर्डावर आहे का' एवढंच विचारू नका. बोर्ड जिथं राहणार आहे, तिथं वीज किती टिकते, नेटवर्क येतं का, आणि तिथला माणूस त्याला काय विचारणार आहे, तेही विचारा. मी बोर्डाकडं बघून उत्तर दिलं होतं. नाल्याकडं बघितलंच नव्हतं.

पाऊस वाढलाय, आवाज आता टिनाचाच येईल. थांबतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून राहा, आणि पाणी जास्त असेल तर थांबा.