भाकरीची सावली

आज आम्ही तुम्हाला एका रात्रीच्या वादाची हकीकत सांगणार आहोत.

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण. आम्ही इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकाठच्या बचत गटाच्या बायका. त्या दिवशी गटाची बैठक आमच्यातल्या एकीच्या घरी होती. तिची सून सात महिन्यांची गरोदर. ग्रहण लागणार रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, सुटणार १ वाजून २६ मिनिटांनी. पण वेध नऊ तास आधीचे, म्हणजे दुपारी एकपासून. आजींनी सुनेला सांगून ठेवलं होतं : खायचं नाही, पाणी नाही, विळीला हात लावायचा नाही, हललीस तर बाळाला व्यंग. हिशेब केला तर पोरीला साडेबारा तास उपाशी बसायचं होतं.

त्यात बारामतीच्या कॉलेजात शिकणारा नातू सुट्टीला आलेला. तो आजीची बाजू घेईल की आईची, असं आम्ही बघतोय, तर त्यानं तिसरंच काढलं. म्हणाला, "ग्रहण सावलीनं होतं हेच खोटं आहे. पृथ्वी सपाट आहे. मी व्हिडिओ बघितलाय." आजी म्हणाल्या, "बघा, शिकून हे झालं!"

आम्हाला आधी हसू आलं. पण हसून त्याला गप्प केलं असतं, तर आजींनाही काय उत्तर देणार होतो? दोघांचं म्हणणं एकच होतं : डोळ्यांना जमीन सपाट दिसते, मग सावली गोल कुठून येणार?

सपाट दिसते हे खरंच आहे. गच्चीवरून आपली नजर फार तर आठ-दहा किलोमीटर जाते आणि पृथ्वीचा घेर आहे चाळीस हजार किलोमीटर. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा एवढासा तुकडा सरळच भासणार. ही काही परक्यांनी शिकवलेली गोष्ट नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी'त हेच कारण दिलंय. त्यांच्याही आधी, सन ४९९ मध्ये, आर्यभटांनी लिहून ठेवलं की चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली.

आणि हा वाद आपल्या मराठीत छापूनही झालाय. १८३६ साली भोपाळजवळच्या सिहोरचे सुबाजी बापू यांनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' नावाचं मराठी पुस्तक काढलं. पुराणातली सपाट पृथ्वी, सिद्धांतातली गोल पृथ्वी आणि नवं युरोपी ज्योतिष त्यांनी शेजारी शेजारी मांडून पाहिलं. पुण्याच्या यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी पुराण आणि ज्योतिष यांत विरोध नाहीच असं मांडलं, त्यावर बापूंनी पुन्हा उत्तर लिहिलं. शास्त्री मंडळी पुस्तकाला पुस्तकानं उत्तर देत होती. आमच्या ओसरीवर मात्र आवाज चढला होता.

मग नातवानं खरी अडचण टाकली. "सावली गोल दिसते म्हणून पृथ्वी चेंडूसारखी कशावरून? भाकरीपण गोलच असते की."

प्रश्न चोख होता. आम्ही दुरडीतली भाकरी आणि फळीवरचं लिंबू घेतलं, दिवा मालवला, बॅटरी लावली. भाकरी बॅटरीसमोर सरळ धरली की भिंतीवर गोल सावली. जरा तिरपी केली की लांबट. आडवी, कडेनं धरली की नुसती पट्टी. लिंबू कसंही फिरवा, सावली गोल ती गोलच. सून आतून दारापर्यंत आली आणि तिनंही लिंबू फिरवून बघितलं. हललीस का म्हणून कुणी विचारलं नाही.

ग्रहणाचंही असंच तपासता येतं. त्या रात्री मध्य ११ वाजून ४१ मिनिटांनी होता, म्हणजे सूर्य जवळजवळ आपल्या पायाखाली, भाकरी बॅटरीसमोर सरळ धरल्यासारखी. पण ३ मार्च २०२६ ला, फाल्गुन पौर्णिमेला, चंद्र ग्रासलेलाच उगवला. सूर्य तेव्हा पश्चिमेला क्षितिजावर. पृथ्वी भाकरी असती तर तिची कडच सूर्याकडे असती आणि चंद्रावर पट्टी पडली असती. काही मिनिटांतच ग्रहण सुटलं, पण पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल तिथे सावलीची कड बघण्यासारखी होती.

नातू म्हणाला, व्हिडिओत सांगतात की सूर्य कधी खाली जातच नाही, चंद्राच्या आड न दिसणारा दुसराच गोळा येतो. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "न दिसणाराच मानायचा, तर आजींचा राहू काय वाईट?" आजी खूष झाल्या.

त्यांना आम्ही पंचांगच दाखवलं. त्यातली वेळ आणि मोबाइलमधली वेळ एकच. पंचांगकर्ता राहूनं तोंड कधी उघडलं हे मोजत नाही, तो पृथ्वीची सावली मोजतो. पंचांगातले राहू-केतू म्हणजे सूर्याची आणि चंद्राची वाट जिथे एकमेकींना छेदते ते दोन बिंदू. चंद्राची वाट पाचेक अंशांनी कललेली, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

राहिला व्यंगाचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीनं तोच मोठा. बाळाचा ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत. सातव्या महिन्यात विळी हातात धरली म्हणून जुळलेला ओठ फाटत नाही. त्याची कारणं वेगळी : आनुवंशिकता, काही औषधं, तंबाखू, शरीरात फॉलिक अॅसिड कमी असणं. ती गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते, आशाताईंना विचारा. आणि एवढं करूनही असं बाळ जन्मलं तर आईला बोल लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याच्या शस्त्रक्रियेची मोफत सोय आहे.

आजींनी सगळं मान्य केलं असं नाही. त्या स्वतः जेवल्या नाहीत, जप करत बसल्या. आम्हीही आग्रह केला नाही, तो त्यांचा उपास. पण पंचांगात गरोदर बाईला वेधाची सवलत असते हे त्यांनी स्वतःच चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "वाढ तिला." त्याच भाकरीचा पहिला तुकडा सुनेनं मोडला.

अकराला आम्ही सगळ्या गच्चीवर. ढग येत-जात होते. मधल्या फटीतून चंद्र दिसला, चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जाणारा तांबडा उजेड त्याच्यावर पडतो, म्हणून तो रंग. म्हणजे त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत-मावळत होता, तिथला सगळा तांबूसपणा.

सून कठड्याला टेकून उभी होती. पुढचं खग्रास ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडे दिसणार आहे. बाळ तेव्हा तीन वर्षांचं असेल. आजी म्हणाल्या, थंडी असेल, गोधडी आधीच वर नेऊन ठेवा.