मोजमापांतील एकांगी त्रुटि



मोजमापाच्या शास्त्रांत ‘चूक’ आणि ‘त्रुटि’ हे दोन शब्द एका अर्थाचे नाहींत. आंकडा उतरून घेतांना सहाचा नऊ झाला, तर ती चूक. ती दक्षतेनें टळते. त्रुटि मात्र दक्ष माणसाच्या हातूनही राहतेच, कारण तिचें मूळ यंत्रांत, धातूंत, हवेंत आणि आपल्या डोळ्यांत असतें. तिच्याही दोन जाती आहेत. एकीमुळें माप कधीं किंचित् अधिक येतें, कधीं किंचित् उणें. पुनःपुन्हां मोजून सरासरी काढली म्हणजे ती पुष्कळशी झडून जाते. दुसरी जात एकांगी. टोंक दोन मिलिमीटर झिजलेल्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीनें वर्गांतील तीस मुलांना एकच टेबल मोजावयास सांगा. चार वेळां पट्टी ठेवावी लागली, तर माप आठ मिलिमीटरांनीं अधिक येणार, आणि तीसही मुलांचीं उत्तरें एकमेकांशीं छान जुळणार! हें जुळणें पाहून निश्चिंत होणें, हा मोजणाराला पडणारा सर्वांत गोड मोह होय. मला बोलावयाचें आहे तें या एकांगी त्रुटीविषयीं, आणि त्यासाठीं उदाहरण आपल्याच देशांतलें घेतों.

सन १८०२ मध्यें विल्यम लँब्टन यांनीं मद्रासनजीक सेंट टॉमस माउंटपाशीं सुमारें साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती आधाररेषा. त्रिकोणाची एक बाजू अशी जमिनीवर मोजून घेतली, म्हणजे पुढें केवळ कोन मोजून शेंकडों मैलांचीं अंतरें गणितानें काढतां येतात. अर्थात् आधाररेषेंत जी त्रुटि राहील, तीही त्याच प्रमाणांत पुढें पुढें जाणार.

लँब्टन यांच्याजवळ शंभर फुटांची पोलादी साखळी होती. पोलाद उन्हानें वाढतें. उष्णतामान दहा अंश सेंटिग्रेडनें चढलें, तर शंभर फुटांत ही वाढ इंचाचा जेमतेम सातवा हिस्सा भरते. पण साडेसात मैलांत तीच साडेचार फुटांवर जाते. लांबलेल्या साखळीनें माप नेहमीं कमीच भरतें, तेव्हां सरासरी येथें कांहींच उपयोगाची नाहीं. म्हणून साखळी लाकडी पन्हळींत ठेवून, जवळच्या उष्णतामापकांवरून प्रत्येक मापास दुरुस्ती देण्यांत आली. त्याखेरीज दुसरी एक साखळी केवळ पहिली ताडून पाहण्यासाठीं राखून ठेविली होती, कारण कड्या घांसून घांसूनही साखळी लांबते. ही न वापरलेली साखळी मला त्या सगळ्या सरंजामांतील सर्वांत शहाणी वस्तु वाटते. हें काम चालू असतांच, सन १८२३ च्या जानेवारींत, आपल्या हिंगणघाट येथें लँब्टन यांचा अंत झाला.

पण उष्णतामापक सांगतो तें स्वतःचें तापमान. उन्हांत सांवलींत पडलेलें पोलाद त्याच क्षणीं तितकेंच तापलेलें असेल असें नाहीं. यावरील तोड टॉमस कोल्बी यांनीं आयर्लंडच्या मोजणीसाठीं काढिली होती, व जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं ती सन १८३० मध्यें इकडे आणिली. एक लोखंडी व एक पितळी, अशा दहा फुटी दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं ठेवून मध्यावर जखडावयाच्या. प्रत्येक टोंकाला दोहींना आडवी जोडलेली एक जीभ. ती लोखंडाच्या बाजूनें बाहेर आलेली. तापल्यावर पितळ लोखंडापेक्षां अधिक वाढतें, त्यामुळें जीभ कलते. आणि तिच्या बाहेरच्या अंगावर असा एक बिंदु सांपडतो कीं, दोन्ही पट्ट्या वाढल्या तरी तो जागचा हलत नाहीं. दोन टोंकांच्या दोन बिंदूंमधील अंतर तेवढें मोजावयाचें. किती वाढलें हें विचारण्याची गरजच उरली नाहीं! दोन दोष एकमेकांविरुद्ध उभे करून दोन्ही निकालांत काढण्याची ही युक्ति. थिओडोलाइटची दुर्बीण उलटी फिरवून तोच कोन पुन्हां वाचतात, त्यांतलें मर्मही हेंच.

तथापि प्रत्येक दोषाला असा प्रतिदोष लाभत नाहीं. सन १८४९-५० मध्यें बिहारच्या मैदानांतील सहा ठिकाणांहून, शंभर मैलांपलीकडून, हिमालयांतील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचे कोन घेतले गेले. राधानाथ सिकदर हे ज्या कचेरींत मुख्य गणक होते, तेथें त्यांचें गणित झालें. उंची निघाली ती अशी : २८,९९०, २८,९९२, २८,९९९, २९,००२, २९,००५ आणि २९,०२६ फूट. सरासरी २९,००२. (सरासरी नेमकी २९,००० आली व कोणास खरी वाटावी म्हणून दोन फूट वाढविले, ही गोष्ट मोठ्या चवीनें सांगतात. ज्यांना बेरीज येते त्यांनीं ती करून पाहावी.) पुढें त्या शिखरास एव्हरेस्ट यांचें नांव देण्यांत आलें.

सहा मापांत सगळा फरक छत्तीस फुटांचा. मेळ उत्तमच म्हणावयाचा. परंतु दूरच्या शिखराकडून येणारा प्रकाशकिरण हवेच्या थरांतून वांकत येतो, आणि शिखर असतें त्याहून उंच दिसतें. शंभर मैलांपलीकडून पाहतां ही वजावट हजार फुटांच्या घरांत जाते. ती दशांशानें जरी चुकली तरी शंभर फूट गेले. त्यांतच हिमालयाच्या वस्तुमानाकडे ओळंबाही थोडा ओढला जातो. सन १९०५ च्या सुमारास वक्रीभवनाचा नवा हिशेब लावून सिडनी बरार्ड यांनीं २९,१४१ हा आंकडा काढिला. दुरुस्तीच उलट्या अंगाला वाहवली! सन १९५२ ते १९५४ या काळांत भारतीय सर्वेक्षणानें नेपाळांत शिरून, तीस ते पन्नास मैलांवरून वेध घेतले. अंतर तोडलें, म्हणजे वांकणाऱ्या हवेचा अंमलही तुटला. उंची आली २९,०२८ फूट. त्या जुन्या सहाही मापांपैकीं एकही इतकें भरलें नव्हतें. मग त्यांची सरासरी तरी तेथवर कशी पोंचावी?

सन २०२० च्या डिसेंबरांत नेपाळ व चीन यांनीं उपग्रहांच्या साह्यानें मोजून ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट, ही उंची जाहीर केली. ती माथ्यावरच्या बर्फासह आहे. सन २००५ च्या मोजणींत चीननें केवळ खडकाची उंची ८,८४४.४३ मीटर दिली होती, आणि वरचें बर्फ सुमारें साडेतीन मीटर. बर्फ मोजावयाचें कीं खडक, हें कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. तें मोजणारांनीं आधीं आपसांत ठरवावें लागतें.