द्विपंखी विमानाची प्रतिकृति

लहान आकाराचें विमान तयार करणें हा मुलांचा खेळ होय, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. खेळ तो आहेच. परंतु ज्या खेळांत हात, डोळा आणि बुद्धि हीं तिन्ही एकदम कामाला लागतात, त्याची गणना केवळ करमणुकींत करणें योग्य होणार नाहीं. पहिल्या महायुद्धांतील एखाद्या द्विपंखी विमानाची प्रतिकृति हातीं घेतली म्हणजे हें विशेष प्रत्ययास येतें. एकपंखी विमानास पंख जोडले कीं मोठें काम संपलें. द्विपंखी विमानांत मात्र वरचा पंख बसविण्याची वेळ आली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते, आणि नवशिक्यांचीं पुष्कळ विमानें याच ठिकाणीं अडून अर्धवट स्थितींत पेटींत परत जातात. तीं तशीं कां अडतात, आणि अडूं नयेत म्हणून काय करावें, हा या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल एकच विमान घेणें बरें. एस. ई. फाइव्ह-ए या नांवाचें लढाऊ विमान इंग्लंडांतील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरींत आखलें गेलें. त्याच्या मूळ नमुन्याचें पहिलें उड्डाण १९१६ च्या नोव्हेंबर महिन्यांत झालें, आणि पुढें या जातीचीं एकंदर पांच हजारांहून अधिक विमानें बांधण्यांत आलीं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची रुंदी सुमारें ८.१ मीटर, आणि नाकापासून शेपटीपर्यंत लांबी सुमारें ६.४ मीटर. प्रतिकृतीसाठीं प्लास्टिकचे जे सुटे भाग विकत मिळतात, ते बहुधा मूळ विमानाच्या बहात्तराव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे असतात. बहात्तराव्या हिश्शानें हें विमान अवघें सव्वाअकरा सेंटिमीटर रुंद भरतें, आणि त्याच्याशेजारीं उभा केलेला माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीचा होतो. नवशिक्यानें अठ्ठेचाळिसावा हिस्सा पत्करावा. त्यांत पंखांची रुंदी सुमारें सतरा सेंटिमीटर होते, आणि पंखांमधील खांब चिमट्याशिवाय बोटांत धरतां येतात.

याच विमानाची निवड करण्यास आणखीहि एक कारण आहे. कलकत्त्यास १८९८ सालीं जन्मलेला इंद्रलाल रॉय हा तरुण लंडनमध्यें शिकून युद्धांत वैमानिक झाला. विमानाच्या अपघातांत जखमी होऊन तो अंथरुणास खिळला होता. त्या काळांत त्यानें विमानांचीं अनेक रेखाचित्रें काढलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळ अद्यापि शिल्लक आहेत. बरा झाल्यावर १९१८ च्या जुलै महिन्यांत, चाळिसाव्या स्क्वाड्रनमध्यें असतां, त्यानें एस. ई. फाइव्ह-ए विमानांतून दोन आठवड्यांच्या आंत दहा हवाई विजय मिळविले. २२ जुलै रोजीं फ्रान्सच्या आकाशांतील चकमकींत तो मारला गेला. त्या वेळीं त्याचें वय एकोणीस वर्षांचें होतें.

प्रथम या विमानास दोन पंख कां, हें समजून घेतलें पाहिजे. त्या काळचा पंख म्हणजे हलक्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर ताणून बसविलेलें लिननचें कापड. इतक्या पातळ पंखाला उड्डाणांतील भार एकट्यानें सोसवत नसे. म्हणून दोन पंख एकावर एक ठेवून, त्यांमध्यें उभे खांब देऊन, होणाऱ्या चौकोनाच्या कर्णांवर तारा ताणीत असत. रेल्वेच्या लोखंडी पुलाची कैची ज्यानें पाहिली आहे, त्यास ही रचना ओळखीची वाटेल. आणि हें साम्य आकस्मिक नाहीं. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेंतील रेल्वेचे व पुलांचे नामांकित इंजिनिअर होते. त्यांनीं १८९६ सालीं आपल्या द्विपंखी ग्लायडरला पुलाचीच कैची लाविली, आणि राइट बंधूंनीं पुढें त्याच पद्धतीचा अवलंब केला.

विमान उडूं लागलें म्हणजे हवा पंखांस वर उचलूं पाहते. त्या वेळीं धडाच्या खालच्या कडेपासून निघून बाहेरील खांबांच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारा तो ताण सोसतात. विमान जमिनीवर उभें असतां पंख स्वतःच्या वजनानें खालीं झुकूं पाहतात. तेव्हां वरच्या पंखाच्या मध्यापासून खांबांच्या पायथ्याकडे उतरणाऱ्या तारा त्यांस धरून ठेवितात. एक जोडी आकाशासाठीं आणि एक जमिनीसाठीं, असें हें वांटणीचें काम आहे. ज्यास हें एकदां कळलें, तो तारांकडे शोभेची वस्तु म्हणून पाहत नाहीं, आणि त्याच्या हातून त्या भलत्या ठिकाणीं लागतहि नाहींत.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळावें. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीस चिकटलेले असतात, तिच्यापासून ते मोडून काढूं नयेत; लहान कातरीनें किंवा धारदार पात्यानें कापावेत, आणि पातें नेहमीं अंगापासून दूर चालवावें. कापल्या जागीं उरलेला कंगोरा बारीक काचकागदानें घासून टाकावा. भाग साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून वाळवावेत, कारण सांच्यांतून येतांना त्यांस लागलेल्या तेलकटपणावर रंग नीट धरत नाहीं. नंतर कोणताहि भाग चिकटविण्यापूर्वीं तो कोरडाच बसवून पाहावा. हा नियम कंटाळवाणा वाटतो. परंतु खांब भोंकांत बसत नाहीं हें चिकटविण्याच्या द्रावाचा थेंब लागण्यापूर्वीं कळलें तर कानशीच्या दोन फटक्यांत काम भागतें, आणि मागाहून कळलें तर पंख वांकडा होतो.

येथें नवशिक्याच्या हातून होणारी मुख्य चूक सांगितली पाहिजे. पेटीवरील सुंदर चित्र पाहून त्यास संपूर्ण विमान लवकर उभें करण्याची घाई होते. दोन्ही पंख, खांब, चाकें सर्व जोडून झाल्यावर तो रंगाची बाटली उघडतो. मग वरच्या पंखाची खालची बाजू कुंचल्यास सांपडत नाहीं, खांबांच्या मागें रंग पोंचत नाहीं, आणि एका जागीं रंग लावतांना दुसऱ्या जागचा खांब निखळतो. घराच्या भिंती उभ्या राहिल्यावर रंग देतात, म्हणून येथेंहि तसेंच करावें असें त्यास वाटतें. वस्तुतः द्विपंखी विमानाचा क्रम उलट आहे. धड व खालचा पंख हा एक भाग, वरचा पंख हा दुसरा, आणि खांब, चाकें व मळसूत्री पंखा हे तिसरे. हे तीन गट निरनिराळे रंगवून पुरे करावेत, आणि मगच एकत्र आणावेत. धड बंद करण्यापूर्वीं आंतील वैमानिकाची बैठक रंगविली पाहिजे, हें तर उघडच आहे.

रंगाच्या बाबतींत त्या काळच्या विमानाचा एक विशेष ध्यानांत ठेवावा. या विमानाच्या वरच्या बाजूस ‘पी. सी. टेन’ या नांवानें ओळखला जाणारा लेप देत. त्यांत मुख्यतः पिवळी माती व काजळी असे. हा लेप कापड ताणून धरी, सूर्यप्रकाशापासून त्याचें रक्षण करी, आणि वरून पाहणाऱ्या शत्रूच्या नजरेपासून विमान लपवी. त्याची छटा हिरवट तपकिरी. परंतु मिश्रण, ऊन आणि वापर यांप्रमाणें ती कधीं हिरव्याकडे तर कधीं तपकिरीकडे झुकत असे. यास्तव एका ठराविक बाटलींतील रंगच खरा, असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. पंखांच्या खालच्या बाजूस मात्र रंगहीन लेप असल्यामुळें कापडाचा मूळचा सायीसारखा फिकट रंग दिसे.

प्रथम सर्व भागांस करड्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. त्यानें घासतांना राहिलेले दोष डोळ्यांस दिसतात. त्यानंतर फिकट रंग आधीं आणि गडद रंग मागाहून, हा क्रम ठेवावा. कारण फिकटावर गडद सहज बसतो, गडदावर फिकट बसत नाहीं. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात चांगले, आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊं नये. जाड रंगाखालीं पंखावरील फासळ्यांच्या बारीक रेषा बुजून जातात, आणि कापडाचा पंख पत्र्याचा दिसूं लागतो. चाकांच्या रबरास अगदीं काळा रंग न देतां गडद करडा द्यावा. लहान वस्तूवर निव्वळ काळा रंग फार उग्र दिसतो.

पंखांवरील निळें, पांढरें व लाल असें वर्तुळाकार चिन्ह पातळ छापील चित्राच्या रूपानें मिळतें. तें कोमट पाण्यांत क्षणभर भिजवून कागदावरून सरकवावयाचें असतें. खालचा पृष्ठभाग खरबरीत असेल तर चित्राखालीं हवा राहते व तें चंदेरी दिसतें. म्हणून आधीं तकतकीत रोगणाचा हात द्यावा, वर चित्र बसवावें, आणि शेवटीं सर्वांवर चकाकीरहित रोगण फिरवावें. शेपटीच्या सुकाणूंवरील उभ्या पट्ट्यांत निळा पट्टा पुढें आणि लाल मागें असतो. हा क्रम उलटा होऊं देऊं नये.

सर्व रंग वाळल्यावर वरच्या पंखाची वेळ येते. तत्पूर्वीं दोन कामें करावींत. एक, तारांचीं टोंकें जेथें बसावयाचीं, तेथें बारीक भोंकें पाडून घ्यावींत. पंख सुटा असतां हें सोपें असतें, जोडल्यावर जवळजवळ अशक्य. दुसरें, खांब बसण्याच्या जागेवरील रंग पात्यानें खरवडून काढावा; कारण प्लास्टिक जोडण्याचा द्राव प्लास्टिकास विरघळवून सांधा करतो, मधला रंग तसाच राहिला तर सांधा कच्चा होतो. मग धडावरचे चार आंखूड खांब प्रथम बसवून रात्रभर वाळूं द्यावेत. दुसऱ्या दिवशीं वरचा पंख मऊ कापडावर उलटा ठेवावा, आणि धडहि उलटें करून त्याच्यावर टेकवावें. दोन्ही बाजूंस सारख्या उंचीच्या काड्यापेट्यांची चळत रचली म्हणजे खालचा पंख कलत नाहीं. समोरून व वरून पाहून दोन्ही पंख एकमेकांस जुळते आहेत अशी खात्री करावी, आणि पुनः एक रात्र थांबावें. बाहेरचे चार खांब त्यानंतर बसवावेत. एकाच वेळीं आठहि खांब उभे करण्याचा प्रयत्न करणाऱ्यास दहा बोटें पुरत नाहींत, आणि याच ठिकाणीं धीर सुटतो.

तारांसाठीं भागांची उरलेली चौकटच उपयोगी पडते. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोड्या अंतरावर धरून मऊ झाला कीं बाजूस घ्यावा आणि दोन्हीकडे ओढावा. केंसासारखा लांब धागा निघतो. भोंकापासून भोंकापर्यंतचें अंतर कंपासनें मोजून तितकाच तुकडा कापावा व टोंकांस डिंकाचा अगदीं लहान ठिपका लावून बसवावा. तो किंचित सैल राहिला तर पेटलेल्या उदबत्तीचें टोंक त्यास न लावतां नुसतें जवळून न्यावें. उष्णतेनें धागा आंखडून ताठ होतो. पहिल्या विमानास सर्व तारा लावण्याचा अट्टाहास नको. उड्डाणाच्या चार आणि जमिनीच्या चार, अशा आठ मुख्य तारा लागल्या तरी विमानाचें रूप पालटतें, आणि पाहणाऱ्यास पुलाची कैची स्पष्ट दिसते.

पहिलें विमान निर्दोष होत नाहीं. कोठें डिंकाचा डाग राहील, एखादा खांब रेसभर कललेला दिसेल. तरी तें पुरें करावें. कारण अर्धवट सोडलेलें विमान जेथें हात अडला तेवढेंच शिकवितें, आणि पुरें झालेलें विमान पुढच्या विमानाचा सर्व क्रम शिकवून जातें. शिवाय पुरें झालेल्या प्रतिकृतीकडे पाहतांना ग्रंथांतून सहसा न उमगणारी एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या बैठकींत अडीच-तीन सेंटिमीटरांची बाहुली बसविलेली असते, तिच्या भोंवतीं मुळांत लाकूड, कापड आणि तारा यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. आणि त्या युद्धांत ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. एकोणीस वर्षांचा मुलगा इतक्या आधारावर आकाशांत जात होता. ज्यानें आपल्या हातानें एकेक धागा ताणून बसविला आहे, त्यास त्या आधाराचें मोल दुसऱ्या कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं.